एकेरीत गुणी असलेले दोन घोडे जोडीत का बिघडतात?

इंदूरला धार रोडकडे राहणाऱ्या एका तरुण बग्गीवाल्यांनी विचारलं आहे. घरात आजोबांपासून बग्गीचा धंदा. त्यांच्याकडे नऊ वर्षांचा खच्ची केलेला पांढरा घोडा आहे, एकेरी गाडीत शहाणा, राजवाड्याच्या गर्दीतही न बुजणारा. गेल्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून त्यांनी पाच वर्षांची नुकरा (पांढरी, गुलाबी कातडीची) घोडी आणली. तीही एकेरीत छान चालते. विकणाऱ्याने सांगितलं होतं की हिच्यावर बसून हातात पाण्याचा पेला धरा, थेंब सांडणार नाही, आणि ते खरंही निघालं. आता तुळशीच्या लग्नानंतरच्या सराईसाठी दोघांना दुहेरी बग्गीला जुंपायचं आहे आणि तिथेच गाडं अडलंय. घोडी पुढे उसळते, घोडा मागे राहतो, वळणावर दोघं एकमेकांना ढकलतात, आणि हल्ली घोडा मधल्या दांड्यावर अंग टाकून चालायला लागला आहे. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत: घोडीला काटेरी लगाम घालू का? की दोघांच्या तोंडातल्या कड्या मध्ये पट्टा घालून एकमेकींना बांधून टाकू?

दोन्हीला उत्तर नाही असंच आहे, आणि ते आधी सांगतो, कारण उद्या सकाळी कोणी हे करून बसलं तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही. काटेरी लगाम कायद्यानेच मना आहे. गाडीच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे १९६५ सालचे नियम आहेत, त्यात टोचणारी कडी वापरू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. पण कायदा नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं. घोड्याच्या तोंडात दुखलं की तो दुखण्यापासून पळतो, आणि त्याला पळायला एकच दिशा असते, पुढची. पुढे उसळणाऱ्या घोडीला काटे घातले की ती मान वर टाकून आणखी उसळेल. कड्या बांधण्याचं म्हणाल, तर एकाने माशी हाकलायला मान झटकली तरी दुसऱ्याच्या तोंडाला हिसका बसतो. त्याने काहीच केलेलं नसताना त्याला शिक्षा होते. असे दोन-चार हिसके खाल्लेला घोडा शेजाऱ्यापासून तोंड लांब ठेवायला शिकतो, म्हणजे जोडीच्या अगदी उलट.

आता मूळ दुखणं काय ते पाहू. एकेरी गाडीत घोड्याच्या दोन्ही अंगांना दांड्या असतात. त्या त्याला सरळ ठेवतात. ओझं सगळं त्याचं, वेग तुम्ही आणि तो मिळून ठरवता. जोडीत त्याच्या एकाच अंगाला दांडा असतो आणि दुसरी बाजू मोकळी. शेजारी एक गरम, श्वास घेणारं, कान फिरवणारं जनावर. ओझं अर्धं सोडून दिलं तरी गाडी चालतेच, हे घोड्याला फार लवकर कळतं. म्हणून एकेरीतले दोन चांगले घोडे शेजारी उभे केले की जोडी होत नाही. एकेरीतलं शिक्षण हा पाया, तो हवाच. पण शेजाऱ्यासाठी थांबणं हा धडा दोघांनाही कोणी दिलेला नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात मला एक गोष्ट पक्की दिसली आहे: जोडी धावण्यात बसत नाही, थांबण्यात आणि सावकाश चालण्यात बसते. जी जोडी एका शब्दाला एकदम थांबते आणि एका शब्दाला एकदम निघते, तिची दुडकी आपोआप जमते. उलट्या क्रमाने मी कधी जमलेलं पाहिलं नाही.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ मात्र वेगळीच आहे, ती पाण्याच्या पेल्याची. याचा अर्थ घोडी रवाल चालते. मारवाडी आणि काठेवाडी रक्तात ही चाल असते, आणि यात्रेत तिलाच भाव मिळतो, कारण स्वाराला धक्का लागत नाही. रवाल चालीत एकाच बाजूचे पुढचा-मागचा पाय जवळजवळ बरोबर पडतात. तुमचा घोडा दुडकीत चालतो, म्हणजे त्याचे पाय तिरके पडतात, पुढचा डावा आणि मागचा उजवा बरोबर. त्याची पाठ प्रत्येक पावलाला वर-खाली होते, घोडीची सपाट राहते. दोघांना एका दांड्याला जुंपून वेग वाढवला की ताल जुळत नाही. ओढीचे पट्टे एकदा इकडे ताणतात, एकदा तिकडे, दांडा सारखा हिसकत राहतो. घोडीला वाटतं कोणीतरी मागून खेचतंय, ती जोर लावते. घोड्याला वाटतं दांडा आपल्याला मारतोय, तो एकतर मागे राहतो किंवा दांड्यावर अंग टाकून त्याला दाबून धरतो. तुम्ही लिहिलेल्या चारही तक्रारी यातून निघू शकतात.

खात्री करून घ्या. कोणाला तरी मोबाइल घेऊन बाजूला उभं करा, घोडीला हातात धरून पळवा, आणि चित्रफीत सावकाश करून पाय बघा. एकाच बाजूचे दोन्ही पाय बरोबर पुढे जात असतील तर रवाल.

त्यावर उपाय आहे, पण त्याला मर्यादाही आहे. जमिनीवर चार-पाच बांबू किंवा वासे टाकायचे, घोडीच्या पावलाच्या अंतराने, आणि तिला हातात धरून त्यावरून सावकाश पळवायचं. वासे ओलांडताना पाय उचलून टाकावे लागतात, तेव्हा रवाल मोडते आणि बऱ्याच घोड्या तिरक्या पायांवर येतात. तिरकं पाऊल पडलं की लगेच शाबासकी, लगेच थांबायचं. हळूहळू काही घोड्या शब्दावर दुडकी देऊ लागतात. काहींच्या रक्तात रवाल इतकी मुरलेली असते की जात नाही, आणि त्यासाठी तिला मारणं हा अन्याय आहे. पण सावकाश चालीत हा फरक फारसा आड येत नाही. तिथे दोघांचेही पाय एकेक करून, चार ठोक्यांत पडतात. आणि वरात चालीनेच जाते! तुमच्या धंद्याला दुडकी लागते ती फक्त पागेतून मांडवापर्यंत आणि परत. म्हणून रवाल गेली नाही तर जोडी मोडायची गरज नाही. त्यांना चालीची जोडी समजा आणि येता-जाताही चालवतच न्या, अर्धा तास आधी निघा. दुडकीत पळणारी जोडी हवी असेल तर मात्र यापुढे घोडा घेताना रंगाच्या आधी चाल बघायची. चाल, पावलाची लांबी, स्वभाव, उंची, आणि सगळ्यात शेवटी रंग. तुमचा घोडा ६२ इंच आणि घोडी ५९ इंच आहे. तीन इंचांचा फरक फोटोत दिसेल, कामाला आड येणार नाही.

किती दिवस लागतील हे मला इथे बसून सांगता येणार नाही. घोडी एकेरीत किती खोलवर शिकली आहे, तुमच्याकडे मदतीला दोन भरवशाची माणसं आहेत का, रोज जुंपता येतं की आठवड्यातून दोनदा, आणि जमीन कशी आहे, यावर ते आहे. जमिनीचं मुद्दाम सांगतो. आपल्याकडची काळी माती पावसात पाय धरून ठेवते. त्यात जोडीला गाडी ओढायला लावली की जो घोडा जास्त प्रामाणिक तो जास्त थकतो आणि स्नायू दुखावून बसतो. पाऊस असेपर्यंत मुरमाच्या कडक जागेवर काम करा. सिमेंटच्या रस्त्यावर नुसतं चालवा, तिथे दुडकी नको. नाल घसरते आणि पायांना दणके बसतात.

सुरुवात पागेतून करा. दोघांना शेजारच्या ठाणांवर बांधा, एकत्र वैरण द्या, खरारा करताना शेजारी शेजारी उभं करा. घोडी माजावर असली की तिचा स्वभाव बदलतो. साधारण तीन आठवड्यांनी हे फिरून येतं आणि पाच-सात दिवस टिकतं. ते दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि नवीन धडा त्या दिवसांत देऊ नका.

मग गाडी नाही, साज नाही, दोघांना दोन माणसांनी हातात धरून शेजारी चालवायचं. एक शब्द निघण्याचा, एक थांबण्याचा. शब्द तुम्हीच द्यायचा, धरणाऱ्यांनी नाही. दोघांच्या छात्या एका रेषेत थांबल्या पाहिजेत. घोडी एक पाऊल पुढे गेली तर तिला तेवढंच मागे घ्या, ओरडू नका, पुन्हा निघा. बाजू बदला. हे कंटाळवाणं आहे आणि इथेच लोक घाई करतात. पण घोडीला शेजाऱ्याची वाट बघायची असते हे इथे कळतं, गाडीच्या ओझ्याखाली कळत नाही. त्यानंतर पूर्ण साज चढवून, जोडीचे लगाम लावून, तुम्ही मागून पायी चालत हाका, दोघांच्या तोंडाशी एकेक माणूस ठेवून. गाडी अजूनही नाही. यात वळणं, थांबणं आणि नुसतं उभं राहणं जमलं की मग गाडी.

आवाजाबद्दल एक गोष्ट आमच्या उस्तादांनी मला शिकवली, ती मी प्रत्येकाला सांगतो. जोडीत जिभेने टकटक करायची नाही. ती दोघांनाही ऐकू जाते, आणि जो आधीच पुढे आहे तोच आधी उचलतो. "चल" हा शब्द दोघांचा. एकट्याला काही सांगायचं असेल तर त्याचं नाव घ्यायचं. आणि निघताना आळशी किंवा सावध घोड्याचं नाव आधी, मग "चल". तुमच्या घोडीला नुसता लगाम हलल्याचं कळलं तरी ती निघते. घोड्याला जागं व्हायला क्षणभर लागतो. तो क्षण त्याला नाव घेऊन द्या. यात मोठं कारण आहे. घोडी एकटी उसळून छातीपट्ट्यावर आदळली आणि गाडी हलली नाही, तर ती दचकून मागे येते, तेवढ्यात घोडा पुढे जातो, त्यालाही ओझं जड लागतं, तोही मागे येतो. असं झुलणं काही वेळा झालं की त्यातला एक कायमचा अडायला शिकतो. बहुतेक अडेल घोडे असेच बनतात, आणि मग लोक त्यांना हट्टी म्हणून मारतात.

झापडं दोघांनाही घाला. घोड्याला मागचंही बरंच दिसतं. आळशाला दाखवलेला चाबूक तिखट घोडी आधी पाहते आणि उसळते. चाबूक लागलाच तर ज्याच्यासाठी आहे त्यालाच, स्पर्शाइतका, आवाज न करता.

पहिल्यांदा जुंपायचा दिवस. सजावटीची, काचेची, दिव्यांची बग्गी आणू नका, साधी मजबूत चारचाकी आणि चांगला ब्रेक असलेली गाडी घ्या. कुंपणाची मोकळी जागा, सकाळची वेळ, दोघांनाही आधी थोडं चालवून आणलेलं. लगाम आधी लावा आणि ते तुमच्या हातात असू द्या. मग दोघांना दांड्याच्या दोन्ही बाजूंना आणा, आणि क्रम असा: आधी दांड्याच्या टोकाचे पट्टे, सैल, मग दोघांचे ओढीचे बाहेरचे पट्टे, मग आतले, आणि शेवटी दांड्याचे पट्टे बेताला आणा. सोडताना बरोबर उलट: आतले, बाहेरचे, आणि दांड्याचे पट्टे सगळ्यात शेवटी. कारण सरळ आहे. ओढीचे पट्टे लागलेले आहेत पण दांड्याचे नाहीत, अशा वेळी घोडा पुढे निघाला तर गाडी त्याच्या मागून येईल आणि तिला वळवणारं किंवा रोखणारं काहीच नसेल. आणि गाडीला जुंपलेला असताना घोड्याची मोरकी कधीही, एका क्षणासाठीही, काढायची नाही, कडी साफ करायला नाही, झापड नीट करायला नाही. माझ्या ओळखीतले बरेच भीषण अपघात याच एका चुकीने झाले आहेत.

जुंपून झालं की लगेच निघू नका. उभे राहा. तुम्ही बैठकीवर, लगाम हातात, माणसं तोंडाशी, आणि घोडे नुसते उभे. घोडीने पाय हलवला तर शांतपणे पुन्हा जागेवर आणा. दोघांनी मान खाली सोडली, एखाद्याने मागचा पाय टेकवून दिला, की मग नाव, मग "चल". पन्नासेक पावलं, थांबा, पुन्हा उभे. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं पुरेत. घोडे चांगले चालतायत म्हणून आणखी चालवू नका, चांगलं चाललं असतानाच सोडा.

आता लगाम. यात बहुतेकांची जोडी बिघडते, आणि तुमचीही इथे बिघडली असण्याची दाट शक्यता आहे, म्हणून जरा सावकाश वाचा. जोडीत तुमच्या डाव्या हातातला लगाम पुढे जाऊन दोन होतो. बाहेरचा पट्टा डाव्या घोड्याच्या तोंडाच्या डाव्या बाजूला जातो. त्यातून निघालेला आतला फाटा आडवा जाऊन उजव्या घोड्याच्या तोंडाच्या डाव्या बाजूला जातो. उजव्या लगामाचं याच्या उलट. म्हणजे प्रत्येक घोड्याच्या बाहेरच्या गालाला एक लगाम आणि आतल्या गालाला दुसऱ्या लगामाचा फाटा. फाटा तिरका जातो म्हणून तो बाहेरच्या पट्ट्यापेक्षा लांब हवा. नीट बनवलेल्या लगामात मधल्या भोकात बकल असताना हा फरक सुमारे १२ सेंटिमीटर असतो. आपल्याकडे चामड्याचं काम करणारे पुष्कळदा दोन्ही सारखेच शिवून देतात. तुमचे लगाम आज अंगणात पसरून कडीच्या टोकापासून मोजा. फाटा आखूड असेल तर दोघांची तोंडं आत, एकमेकांकडे ओढली जातात. तोंड आत आलं की पुठ्ठा, म्हणजे मागचा भाग, बाहेर जातो आणि खांदा दांड्यावर येतो. तुमचा घोडा दांड्यावर अंग टाकतोय याचं कारण कदाचित त्याच्या स्वभावात नाही, त्या फाट्याच्या लांबीत असेल. दोन्ही फाटे सारखे वाढवा, दोघं नाकासमोर सरळ बघत चालतील इतके.

हे झाल्यावरच तिखट घोडीचा विचार. समजा ती डावीकडे आहे. तिच्या आतल्या गालाला जाणारा फाटा (तो उजव्या लगामातून निघतो) एक भोक आखूड करा. आणि घोड्याकडे जाणारा फाटा, म्हणजे डाव्या लगामातला, तितकाच, एक भोक, लांब करा. आता दोघांची तोंडं जराशी उजवीकडे झुकतील. हातात डावा लगाम तेवढाच आत घ्या, तोंडं सरळ होतील. आता घोडीच्या दोन्ही गालांना लगाम एक भोक आखूड पडला आणि घोड्याला पहिल्याइतकाच राहिला. एकाच फाट्याला हात लावून सोडून दिलंत तर दोघंही वाकड्या मानेने चालतील. आणि एक-दोन भोकांपलीकडे जाऊ नका. लगामाने घोडीला इतकं मागे धरलं की तिचे ओढीचे पट्टे सैल पडतात, मग गाडी बिचारा घोडा एकटा ओढतो, आणि तुम्हाला वरून वाटतं की जोडी छान बरोबरीत चालली आहे. बरोबरीत दिसणं आणि बरोबरीने ओढणं यात फरक आहे.

तो फरक ओळखायचा कसा? चालताना पट्टे बघा, चारही सारखे ताणलेले हवेत. आणि सोडल्यावर दोघांचे छातीपट्टे काढून खालचे केस बघा. ज्याने ओढलं त्याचे केस तिथे घामाने चिकटलेले, दबलेले असतात. ज्याने नुसती सोबत केली त्याचे कोरडे आणि उभे असतात. हाताने चाचपलं तरी कळतं. मी आजही सोडल्यावर पाण्याच्या आधी हे बघतो. ओलसर केसांत कुठे एकाच बाजूला जास्त घासलेलं दिसलं तर समजा की त्या बाजूचा पट्टा लांबीला चुकला आहे किंवा घोडा तिरका चालतोय. छातीपट्टा वापरत असाल तर ओढीचे पट्टे गाडीच्या घट्ट आडव्या लाकडाला थेट बांधू नका, मध्ये हलतं आडवं लाकूड हवं, प्रत्येक घोड्याला आपलं. खांदा पुढे-मागे होतो तसं ते फिरतं, नाहीतर चामडं खांद्यावर घासत राहतं. तुमच्या नुकरा घोडीची कातडी गुलाबी आहे, तिला घासणं आणि ऊन दोन्ही लवकर लागतं.

इथपर्यंतचा क्रम पुन्हा एकदा: आधी चाल ओळखा, मग गाडीशिवाय शेजारी थांबायला शिकवा, मग लगामाचे फाटे मोजा, मग जुंपा. काटेरी लगामाने यातलं एकही काम होत नाही.

दांड्याच्या टोकाचे पट्टे हे वळवायला आणि रोखायला असतात, घोड्यांना दांड्याजवळ डांबून ठेवायला नाहीत. फार आवळले की काही घोडे दांड्यावर रेलतात, काही उलट बाहेर झुकून चालतात. फार सैल सोडले तर उतारावर गाडी पुठ्ठ्यांवर येते. जोडी शांत उभी असताना ते जेमतेम सैल दिसावेत. एखादा घोडा रेलतच राहिला तर काही दिवस दोघांच्या बाजू बदला. बाजू तर एरवीही बदलत राहावी, नाहीतर घोडा एकाच अंगाने ओढायला शिकतो. रस्त्यावर नेताना मात्र आपल्याकडे ट्रक आणि बस उजवीकडून पुढे जातात, म्हणून सुरुवातीला जाणता घोडा उजवीकडे आणि नवी घोडी डावीकडे. तो भिंतीसारखा मध्ये उभा असतो आणि न बुजण्याचं शिक्षण तिला फुकट मिळतं.

वळणावर ढकलाढकली होते कारण दोघांचं अंतर सारखं नसतं. बाहेरच्याला जास्त चालायचं असतं, आतल्याला जवळजवळ जागीच पाय टाकायचे असतात. वळणाच्या आधीच वेग उतरवा, आतल्याला नावाने सावरा, बाहेरच्याला पुढे जाऊ द्या. मोकळ्या जागेत मोठी गोल वळणं आधी, मग लहान. सराफ्याच्या बाजूच्या गल्ल्यांत दुहेरी बग्गी नेऊच नका, तिथे मागे घेण्याची वेळ येते, आणि मागे घेणं हा जोडीचा सगळ्यात शेवटचा धडा आहे.

वरातीचा गोंगाट वेगळा शिकवा. बँड, डीजे, फटाके, अंगावर येऊन नाचणारी माणसं, हे सगळं घोडीला आधी जुन्या घोड्याशेजारी नुसतं उभं राहून, लांबून, मग जवळून पाहू द्या. जोडीत पहिल्यांदा गाडीला जुंपलेली असताना पहिल्यांदाच फटाका ऐकवायचा नाही. रंगपंचमीला रंग उधळत निघणाऱ्या गेरीच्या, म्हणजे मिरवणुकीच्या, रस्त्यावर तर कोणत्याही घोड्याला नेऊ नये, कितीही पैसे मिळाले तरी.

उन्हाबद्दल त्याच १९६५ च्या नियमांत आहे: पारा ३७ अंशांच्या वर जाणाऱ्या भागात दुपारी १२ ते ३ जनावर जुंपायचं नाही, दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त काम नाही आणि सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही. वैशाखातल्या लग्नांत यजमान दुपारी बोलावतात, तेव्हा हे आकडे त्यांच्यासमोर ठेवा. मुंबईच्या व्हिक्टोरिया बग्ग्या, घोड्यांच्या हालांवरून झालेल्या याचिकेत, उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालाने बंद झाल्या. आपल्या धंद्याकडे लोक कोणत्या नजरेने बघतात हे ठरवणं बरंचसं आपल्या हातात आहे. घोडी यात्रेतून आणली आहे, म्हणून धनुर्वाताची लस आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या. दोघं एका पागेत शेजारी राहणार आहेत. महूचं पशुवैद्यक महाविद्यालय आपल्याला जवळ आहे.

आणि सराईचं. तुळशीच्या लग्नानंतरचे पहिले मुहूर्त तुम्ही दुहेरी बग्गीचे घेतले असतील तर त्या घरांना आजच फोन करा आणि एकेरी गाडी येईल म्हणून सांगा. घोडा एकेरीत शहाणा आहे, वरात नीट पार पडेल. घोडीला त्या वराती दुरून दाखवायला न्या, सोबत एक माणूस, हातात नुसता दोर. दरम्यान रोज सकाळी जोडीचं काम चालू ठेवा. ज्या दिवशी भर रस्त्यात, बाजूने ट्रॅक्टर जात असताना, लगाम सैल सोडून दोघं उभे राहतील आणि सोडल्यावर दोघांच्या छातीवरचे केस सारखे ओले लागतील, त्या दिवशी पहिली दुहेरी वरात घ्या. तीही जवळची, संध्याकाळची, आणि तोंडाशी दोन माणसं ठेवून.